डावीकडचं जग

कागदावर त्याचं नाव मिडनाइट इन्व्हॉइस.
एकेचाळीस शर्यती, जिंकलेल्या तीन,
वरच्या ओठाच्या आत गोंदलेला निळसर नंबर.
पागेत सगळे त्याला बिल म्हणायचे.
फोर्ट ईरीचं मैदान हिवाळ्यासाठी बंद झालं
आणि हे बिल माझ्या दारात आलं.
न फेडता येणारं, असं माझी बहीण म्हणाली.

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
रडणारी पोरं मला कळायची.
हा रडत नव्हता.
अर्ध्या दारापाशी उभा राहून रात्रभर झुलायचा,
या पायावरून त्या पायावर,
सुटण्याच्या घंटेची वाट पाहत.

सफरचंद ओळखेना. गाजर ओळखेना.
पाण्याचं डबकं दिसलं की थरथरायचा
जमिनीला भोक पडल्यासारखा.
आणि उजवीकडेही वळता येतं
हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.
सात वर्षांचं आयुष्य, सगळं डाव्या हाताला.

एल्ड्रिक गिटन्स दर रविवारी यायचा, चर्चहून परस्पर,
चकचकीत बूट पायरीवर ठेवून माझे रबरी घालायचा.
मूळचा बार्बाडोसचा. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे घोडे धुतलेला.
म्हणाला, "काहीच करू नका, मिसेस पावलिक.
पण ते रोज ठरल्या वेळेला करा."

म्हणून बादली उपडी टाकून बसायचे.
चार वाजता, शाळा सुटायच्या वेळेला.
मोठ्याने वाचायचे: बियाण्यांचा कॅटलॉग,
औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापलेलं,
विजेचं बिल (तेव्हा त्याने कान टवकारले, शपथेवर सांगते).
सरोवरावरून वारा यायचा, छपराचा पत्रा वाजायचा.
आमच्यात बारा पावलांचं अंतर.
जानेवारीत अकरा.

मार्चमध्ये मला घाई झाली.
खोगीर चढवलं, बसले. चाललो, बरे चाललो.
मग बंबखान्याचा दुपारचा भोंगा वाजला
आणि मी लगाम खेचला
जसा ब्रेक दाबायचे, सगळ्या जोराने.
त्याच्या भाषेत खेचणं म्हणजे: आता.
आता आहे तेवढं सगळं दे.
त्याने दिलं.
मी कुंपणाशी चिखलात, खांद्याचं हाड मोडलेलं,
आणि तो दहा पावलांवर, फेसाळलेला,
कुणी येऊन मान थोपटेल म्हणून उभा.

"चूक माझी," मी हॉस्पिटलात म्हटलं.
एल्ड्रिकने टोपी मांडीवर ठेवली.
"तुम्ही थांब म्हणालात. त्याला पळ ऐकू आलं.
आधीचा शब्द त्याने जीव लावून शिकलाय हो.
असा शब्द लवकर पुसत नाही."

घोडामैदान जवळच आहे, म्हणतात.
माझ्याकडे घोडा होता, मैदानही होतं;
मधली परीक्षा तेवढी काढून टाकायची होती.

एप्रिलभर हात झोळीत. काम फक्त श्वासाचं.
मी श्वास सोडला की तो थांबायचा.
मी धरला की त्याचे कान मागे.
दोरी सैल. म्हणजे थांब. म्हणजे शाब्बास.
उजवीकडे एक पाऊल.
पुरे. चल घरी.
काही दिवस तेवढंही नाही.
काही दिवस आम्ही कालच्याही मागे.

मेच्या एका दुपारी कॅटलॉगात भोपळ्यांपाशी आले होते.
त्याने पुढचे गुडघे दुमडले,
मग सगळा देह एका कुशीवर टाकला.
मला वाटलं, गेला.
मग घोरणं ऐकू आलं.
एल्ड्रिक एकदा बोलला होता:
घोडे उभ्याने डुलकी घेतात;
असे लोळून झोपतात ते
दुसरं कुणी पहाऱ्याला असेल तरच.

रस्त्यावरून चौदा नंबरची बस गेली, माझीच जुनी.
गिअर बदलताना अजून तशीच कण्हते.
त्याचा एक कान हलला, पुन्हा पडला.
घरात फोन वाजत होता.
डावा पाय मांडीपर्यंत बधिर.
मी पान उलटलं नाही, आवाज होईल म्हणून.
भोपळे, पुन्हा भोपळे, हळू आवाजात.
मी कामावर होते.